पिल्लू घरात आलं की ट्रेनिंग सुरू झालेलंच असतं

"लहान आहे ओ अजून, सहा महिन्याचं झालं की ट्रेनर लावू." जुळे सोलापूर असो नाहीतर अक्कलकोट रोड, ज्याच्या घरी नवीन पिल्लू आलंय त्याच्या तोंडी हे वाक्य असतंच, आणि ऐकायला ते बरोबरच वाटतं कारण ट्रेनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोलीस परेडमधला तो ताठ बसलेला कुत्रा येतो. पण पिल्लाला हे सहा महिन्याचं कुणी सांगितलेलं नसतं. ते घरात आल्या मिनिटापासून शिकायला लागतं. रडलं की उचलून घेतात, चप्पल तोंडात धरली की सगळं घर मागे पळतं आणि लई मजा येते, जेवणाच्या वेळी ताटापाशी बसलं की आजी गुपचूप पोळीचा तुकडा टाकते. म्हणजे शिकणं चालूच आहे, फक्त काय शिकायचं ते आपण ठरवलेलं नाही म्हणून ते पिल्लाने स्वतः ठरवलंय.

तर सहा महिने थांबायचं का नाही, आणि लवकर सुरू करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते बघू. "बस", "शेकहँड" हे यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

आधी पिल्लाचं डोकं कसं चालतं ते. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवरचे प्रयोग छापले होते. मांजर लाकडी पेटीत बंद, खायचं बाहेर, आणि आतली दोरी ओढली किंवा कडी दाबली की दार उघडणार. मांजर सुरुवातीला नुसती धडपडायची, ओरबाडायची, त्यात कधीतरी चुकून दोरी ओढली जायची आणि दार उघडायचं. परत परत आत ठेवली की बाकीची धडपड कमी होत जायची आणि दोरीकडे लवकर जायची. यातून जे कळलं ते कुत्र्यांना पण तसंच लागू होतं. ज्या वागण्यानंतर काहीतरी चांगलं मिळतं ते वागणं वाढतं, ज्यातून काहीच मिळत नाही ते हळूहळू बंद पडतं.

ऐकायला सोपं आहे, पण दोन ठिकाणी लोक अडकतात. एक म्हणजे वेळ. पिल्लाने काहीतरी केलं आणि त्याचा परिणाम एक-दोन सेकंदात आला तरच ते दोन्ही गोष्टी जोडतं. तुम्ही संध्याकाळी कामावरून आलात, दुपारची शू दिसली, पिल्लाला धरून आणून नाक घासलंत आणि ओरडलात, तर त्याच्या लेखी "मालक घरी आला की धोका असतो" एवढाच धडा झाला. लोक म्हणतात बघा बघा त्याला कळतंय, कसं कान पाडून बसलंय, पण ते कान आपला चढलेला आवाज आणि चेहरा बघून पडलेले असतात, दुपारच्या शूचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अधूनमधून मिळणारं बक्षीस. ताटापाशी भुंकलं की दहा वेळा कुणी काही दिलं नाही आणि अकराव्या वेळी आजोबांनी वैतागून भाकरी टाकली, की ते पिल्लू पुढच्या वेळी दहा नाही वीस वेळा भुंकायची तयारी ठेवून बसतं. रोज न चुकता मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा कधीतरी मिळणारी गोष्ट सवय जास्त पक्की करते. आणि द्यायचं पूर्ण बंद केलं की सुरुवातीला भुंकणं वाढतं. हे वाढणं अगदी अपेक्षित असतं, काही दिवस कळ काढली तर उतरतं, पण नेमकं त्याच वेळी घरातलं कुणीतरी "जाऊ द्या हो, शेजारी काय म्हणतील" म्हणून हार मानतं आणि पिल्लू शिकतं की जोरात भुंकलं तरच काम होतं. त्यामुळे घरात सगळ्यांनी बसून एकदा ठरवा, आजीसकट. आजीला पटवणं पिल्लाला शिकवण्यापेक्षा अवघड आहे हे मान्य.

आता सहा महिन्यांची वाट का बघायची नाही

कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक काळ असतो ज्याला सोशलायझेशनचा काळ म्हणतात. या काळात मेंदू नवीन गोष्टी "ही आपल्या जगातली आहे" म्हणून पटकन स्वीकारतो. माणसं, इतर कुत्री, आवाज, गाड्या, फरशी, जिने, काहीही. हा काळ सरला की उलटं होतं, जे ओळखीचं नाही ते आधी संशयाचं. सोलापूरच्या पूर्व भागात माग चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ताणाच वाकडा लागला तर वरून बाणा कितीही चांगला घाला, चादरीत ते दिसतंच. हे तसंच आहे.

हे काही कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही. १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि इलियट या तीन संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लं त्यांच्या आईसोबत उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत वाढवली, माणसाचा संबंध नाही. मग वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकेक आठवडा माणसांमध्ये आणलं, कुणाला तिसऱ्या आठवड्यात, कुणाला पाचव्या, सातव्या, नवव्या. आणि काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत अजिबात नाही. ज्यांना मधल्या आठवड्यांमध्ये माणसं भेटली ती माणसाळली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत कुणीच भेटलं नाही ती जंगली जनावरासारखी घाबरून दूर राहिली, आणि नंतर मेहनत घेऊनही त्यांच्यात फारसा फरक पडला नाही.

आता आपलं गणित करा. पिल्लू घरी यायला हवं आठ आठवड्यांचं. त्याआधी नको, कारण आई आणि भावंडांसोबत ते चावण्याचा जोर किती ठेवायचा ते शिकत असतं, आणि आपल्याकडे २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तरी महिन्याभराची पिल्लं "दीड महिन्याचं आहे बघा, लवकर न्या म्हणजे लळा लागतो" म्हणून सर्रास विकली जातात, तो भाग वेगळा. तर आठ आठवड्यांचं आलं, आणि ही सोशलायझेशनची खिडकी बंद होणार बारा ते चौदाला. हातात उरले चार ते सहा आठवडे. सहा महिन्यांनी ट्रेनर आला तर तो "बस" शिकवेल, पण हेल्मेटवाल्या माणसाला बघून कोपऱ्यात लपणारं कुत्रं त्याला तेवढ्या सहज बदलता येणार नाही.

पण डॉक्टर तर बाहेर काढू नका म्हणतात

इथे खरी गोची आहे, आणि डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पार्व्हो नावाचा विषाणू आहे, १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला, पिल्लांना उलट्या, रक्ताची हगवण लावतो आणि उपचार उशिरा झाले तर पिल्लू काही दिवसांत जातं. तो आजारी कुत्र्याच्या शीमधून पसरतो आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत मोकळी कुत्री आहेत, त्यामुळे रस्त्यावरची माती सुरक्षित आहे असं कुणीच म्हणू शकत नाही.

मग लस एकदाच देऊन का भागत नाही? कारण पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिकारशक्ती मिळालेली असते आणि ती अंगात असेपर्यंत लसच निष्प्रभ करते. ती कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्यात उतरेल आणि कुठल्यात चौदाव्या, हे वरून बघून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. डॉक्टरकडे याला सेव्हन इन वन, नाइन इन वन असं काहीतरी म्हणतात. आणि बारा आठवड्यांच्या आसपास रेबीजची लस. म्हणजे लसीकरण पूर्ण होतं सोळा आठवड्यांना, आणि शिकायची खिडकी बंद होते चौदाला. लस पूर्ण होईस्तोवर घरात कोंडलं तर पार्व्होपासून वाचलं पण आयुष्यभर भित्रं, आणि भित्रं कुत्रं मोठं झालं की चावू शकतं.

अमेरिकेतल्या प्राणीवर्तन बघणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये यावर स्पष्ट भूमिका घेतली की पहिला डोस आणि जंतांचं औषध झाल्यावर, किमान सात दिवसांनी, स्वच्छ जागी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यांसोबत पिल्लांचं शिकणं सुरू करावं, सगळे डोस संपायची वाट बघू नये. आता तिथले वर्ग इमारतीच्या आत, फरशी पुसलेली, प्रत्येक पिल्लाचं कार्ड तपासून आत घेतात. आपल्याकडे तसं सगळीकडे मिळत नाही, पण मूळ मुद्दा आपल्याला सहज वापरता येतो. पिल्लाला जग दाखवायचं, फक्त पाय जमिनीला लावू द्यायचे नाहीत.

म्हणजे कडेवर घेऊन फिरा. झोळी करा. कारमध्ये बसवून पार्क चौकात गाडी लावा आणि दहा मिनिटं नुसतं बघू द्या, रिक्षा, सिटीबसचा हॉर्न, फुगेवाला, काठी टेकत जाणारे आजोबा. टू-व्हीलरवर नेणार असाल तर मागे बसलेल्याच्या मांडीवर घट्ट धरून, पुढे पाय ठेवायच्या जागेत सोडून नाही. जुन्या घरात राहत असाल तर गच्ची ही सोन्यासारखी जागा आहे, बाहेरचं कुत्रं तिथे येत नाही आणि खाली घंटागाडी, बँड, वरातीचा डीजे, शेजारच्या कारखान्यातली मागांची खटखट सगळं ऐकू येतं. ज्यांच्या घरी लसी झालेलं शांत स्वभावाचं मोठं कुत्रं आहे त्यांच्याकडे जा. सिद्धेश्वर तलावाकडच्या बागेत किंवा कंबर तलावाच्या काठाला मात्र डोस पूर्ण झाल्याशिवाय खाली सोडू नका, तिथे कुठलं कुत्रं कधी काय करून गेलंय सांगता येत नाही. आणि किती कुठे न्यायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, तुमच्या गल्लीत पार्व्होची साथ असेल तर ते त्यांना माहिती असतं.

काय काय दाखवायचं याची यादी केली तर संपणार नाही, पण सोलापूरच्या घरात ज्या गोष्टी कुत्र्याला पुढे रोज भेटणार आहेत त्या धरा: हेल्मेट, छत्री, बुरखा, दाढीवाला माणूस, खाकी कपडे, कुकरची शिट्टी, मिक्सर, ओली फरशी, जिना, बकरी, म्हैस, लहान मुलं. सोबत पंजे हातात घेणं, कान उघडून बघणं, ओठ वर करून दात बघणं, नखांना नेलकटर नुसता टेकवणं. हे आत्ता केलं नाही तर पुढे नखं कापायला तीन माणसं लागतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण उत्साहाच्या भरात लोक हीच उलटी करतात. दाखवायचं म्हणजे पिल्लाला त्या गोष्टीत ढकलायचं नाही. भीती वाटणार नाही एवढ्या अंतरावरून दाखवा, आणि ती गोष्ट दिसल्या दिसल्या खाऊ. आधी आवाज, मग खाऊ, याच क्रमाने. पिल्लू खाऊ घेतंय म्हणजे ठीक आहे. आवडीचा खाऊ नाकासमोर आहे तरी तोंड लावत नाही, शेपटी आत, जांभया देतंय, मान वळवतंय, म्हणजे अंतर कमी पडतंय, मागे व्हा. "सवय होऊ दे त्याला" म्हणून डीजेच्या भिंतीसमोर कडेवर घेऊन उभं राहिलात तर सवय भीतीची होईल. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, आणि अख्ख्या शहराला ते ऐकू येतं, त्याआधी गणपती, दिवाळी. फटाक्यांचा आवाज मोबाईलवर एकदम बारीक लावून, सोबत जेवण देत, दिवसादिवसाने थोडा थोडा वाढवत न्यायचा हा उद्योग दोन महिने आधी सुरू करायचा असतो, दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही.

शी-शू

पिल्लाच्या मूत्राशयाचा हिशोब साधारण असा धरतात की जेवढे महिने वय त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त दम धरू शकतं. दोन महिन्याचं असेल तर तीन तास, ते पण झोपेत. जागं असताना तासाभरात काम झालंच. त्यामुळे वेळा पाठ करा: उठल्या उठल्या, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर, खेळून झाल्यावर, आणि मध्ये काहीच नसेल तर तासाला एकदा. त्या प्रत्येक वेळी उचलून ठरलेल्या जागी न्या, बाल्कनीतला ट्रे असेल, गच्चीचा कोपरा असेल, अंगणातली माती असेल, आणि गप्प उभे राहा. केलं की तिथेच, त्याच सेकंदाला शाब्बासकी आणि खाऊ. घरात येऊन बिस्कीट दिलं तर ते घरात आल्याचं बिस्कीट झालं.

मध्येच घरात केलं तर न ओरडता पुसा. ओरडण्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही. पुसताना काळं फिनाईल वापरू नका, त्यातलं फिनॉल कुत्र्याला विषारी असतं आणि पिल्लू फरशी चाटतं. वास राहिला तर पुन्हा तिथेच करेल, म्हणून एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर उत्तम, नाहीतर पाण्यात व्हिनेगर. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात दिवसातून दहा वेळा फरशी पुसणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे पहिले दोन आठवडे सगळं सोडून या एकाच गोष्टीच्या मागे लागणं स्वस्त पडतं. पण शू कमी व्हावी म्हणून पिल्लाचं पाणी तोडायचं नाही, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

चावतं हो फार

चावणारच. दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. तोपर्यंत हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लाला हात नाहीत, जग ते तोंडानेच तपासतं. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी, पाठीवर पाडून दाबून ठेवणं हे उपाय गल्लीतला प्रत्येक अनुभवी माणूस सांगतो, सोबत "त्याला कळलं पाहिजे बे मालक कोण हाय ते" हे पण.

या मालक कोण प्रकरणाचा उगम गंमतशीर आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका पिंजऱ्यात कोंडलेले, ते मारामाऱ्या करून वरखाली ठरवत होते. पुढे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकामुळे अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द लोकांपर्यंत गेला, पण त्याच मेकनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी लढाई नसते. म्हणजे पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून काढलेला नियम आपण सोफ्यावरच्या लॅब्राडॉरला लावतोय, आणि ज्याने तो पसरवला त्याने स्वतःच तो मागे घेतलाय. पिल्लू तुमची गादी बळकवायला चावत नाही, त्याला खेळायचंय.

मग करायचं काय? दात लागले की हात हिसकू नका, हलणारी गोष्ट पकडायला त्याला जास्त आवडते. थांबा, खेळ बंद, दहा-पंधरा सेकंद उठून बाजूला व्हा. परत आल्यावर हातात खेळणं. दात लागले की मजा संपते, खेळण्याला लागले की चालू राहते, एवढंच त्याला कळायला हवं. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, पिल्लाला जुनी आणि कालच नव्या पेठेतून आणलेली यातला फरक कळत नाही. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आत टोचतात. फ्रीजरमध्ये ठेवलेलं गाजर किंवा ओला करून गोठवलेला जाड कापडाचा पिळा हिरड्यांना बरा वाटतो, फक्त कापड चावताना समोर बसा, तुकडे गिळायला लागलं की काढून घ्या.

आणि संध्याकाळी सात-आठला वेड्यासारखं सगळ्यांना चावत सुटलं तर बहुतेक वेळा ते झोपेला आलेलं असतं. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. आपल्याकडे नवीन पिल्लू बघायला अख्खी गल्ली येते, पोरं उचलून उचलून खेळतात, त्याला झोपच मिळत नाही. शांत कोपऱ्यात त्याची जागा करा आणि तिथे असताना कुणी हात लावायचा नाही हे पोरांना बजावून सांगा.

दात लागून रक्त आलं, खरवडलं, आणि पिल्लाची रेबीजची लस झालेली नाही किंवा ते रस्त्यावरून उचलून आणलंय, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवा. "एवढंसं तर आहे" म्हणून थांबू नका, लहान पिल्लांना पण रेबीज होतो. हळद-मिरची लावण्यात वेळ घालवू नका.

गुरगुरलं तर? जेवणाच्या भांड्याजवळ गेलं की काही पिल्लं गुरगुरतात. त्याला गुरगुरण्याबद्दल मारलं तर ते गुरगुरणं सोडेल आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल. भांड्यात हात घालून परीक्षा बघण्यापेक्षा, ते जेवत असताना लांबून येऊन चिकनचा तुकडा भांड्यात टाका आणि निघून जा. माणूस जवळ आला की ताटात भर पडते हे कळलं की राखायचं कारणच राहत नाही.

शब्द आणि खाऊ

आता "बस" वगैरे. दोन महिन्यांचं पिल्लू हे आरामात शिकतं, फक्त एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून काही वेळा. खाऊ नाकाजवळ धरा, हळूहळू डोक्यावरून मागे न्या, मान वर गेली की बूड खाली टेकतं, टेकल्या क्षणी "शाब्बास" आणि खाऊ. चार-पाच वेळा असं झाल्यावर मग शब्द जोडा. आधी पाठांतरासारखं बस बस बस बस म्हणत राहिलात तर त्याच्या कानाला तो पंख्याच्या आवाजात जमा होतो.

सोलापूरच्या घरातली खास भानगड म्हणजे भाषा. आजी कन्नडमधून बा म्हणते, शेजारच्या पद्मशाली काकू तेलुगूतून रा म्हणतात, आई इकडं ये, आणि पोरगं इंग्रजीतून कम. कुठलीही भाषा घ्या, पिल्लाला काही फरक पडत नाही, पण घरात एका कामाला एकच शब्द. आणि बोलावल्यावर आलं की नेहमी चांगलंच घडलं पाहिजे. बोलावून औषध पाजलं, बोलावून ओरडलात, बोलावून आंघोळीला नेलंत, की चौथ्यांदा ते दुरून बघून निघून जाईल. आंघोळीला न्यायचं असेल तर तुम्ही उठून जा.

खाऊ काय द्यायचा, तर हरभऱ्याएवढे तुकडे. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, घरात चालत नसेल तर पनीर, गाजर, उकडलेलं रताळं, नाहीतर रोजच्या जेवणातलेच दाणे. बिनमिठाच्या कडक भाकरीचे बारीक तुकडे पण चालतात, टिकतात आणि खिशात चिकटत नाहीत. दिवसभराच्या खाण्यातला दहावा हिस्सा यापेक्षा जास्त खाऊ नको. शेंगाचटणी लावलेली भाकरी नाही, त्यातला लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतो, कांदा पण. आणि आपल्या जिल्ह्यात द्राक्षं-बेदाणे घराघरात असतात म्हणून मुद्दाम सांगतो, बेदाण्याने कुत्र्याच्या किडन्या बंद पडू शकतात, थोड्याशाने पण. चॉकलेट पण नको.

एकटं राहायची सवय पण याच दिवसात लावायची. चावायला काहीतरी देऊन दुसऱ्या खोलीत एक मिनिट, मग दोन, मग पाच. रडायच्या आत परत यायचं. सुट्टी काढून पंधरा दिवस चोवीस तास मांडीवर घेऊन बसायचं आणि सोळाव्या दिवशी आठ तास कुलूप लावून जायचं, असं केलं की दार ओरबाडणं सुरू होतं आणि मग शेजाऱ्यांचे फोन.

एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा असताना फिरवायची वेळ म्हणजे सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरून रस्ता गार झाल्यावर. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला जमत नसेल तर त्याला पण जमणार नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना तर अजून जपा, त्यांना धापा टाकून अंग गार करणं नीट जमत नाही.

हे सगळं केलं तरी सहा-आठ महिन्यांचं झालं की एक दिवस असा येतो की कालपर्यंत हाकेसरशी येणारं कुत्रं आपल्याकडे बघून दुसरीकडे जातं. घाबरू नका, वाया गेलेलं नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच महिन्यांची आणि आठ महिन्यांची कुत्री तपासली तर आठ महिन्यांना ती स्वतःच्या माणसाचं "बस" कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. वयात येणारं पोरगं घरच्यांनाच उलटं बोलतं, शिकवणीच्या सरांना नाही, ते काय आपल्याला नवीन आहे का. नेमक्या याच वयात बरीच कुत्री कंटाळून कुणालातरी देऊन टाकली जातात किंवा सोडली जातात. या काळात मोकळं सोडू नका, दहा मीटरची हलकी दोरी हार्नेसला बांधा, खाऊ परत चिकनवर आणा, आणि बोलावणं सोप्या जागेपासून पुन्हा सुरू करा, आधी घरात, मग गच्चीवर, मग मोकळ्या मैदानात. कारवान किंवा मुधोळ जातीचं असेल तर दोरी वर्षभर तरी ठेवाच, ही नजरेने शिकार करणारी कुत्री आहेत, ससा किंवा बकरी पळताना दिसली की तुमच्या हातातलं चिकन त्यांना दिसत पण नाही.